काट्यावरचा पाचवा प्रकार

एका जागी बसलेला महेंद्र भिंगारदिवे फारसा कुणी पाहिला नव्हता. नेवासे तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात त्याच्या नावाची खुर्ची होती, टेबल होतं, टेबलाला खणही होता. पण माणूस बहुतेक वेळ खुर्चीच्या मागे, नाहीतर दारात, नाहीतर यंत्रामागे वाकून वायरी चाचपताना दिसायचा. बसलाच तर उजवा पाय टेबलाखाली शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत राही. घरून निघाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप बघायला परत येई. बायको माधुरी गावातल्या शाळेत शिकवायची. दोघं बरोबर निघायची तेव्हा हा प्रकार ती रोज बघायची. एकदा कंटाळून तिनं विचारलं होतं, "अहो, हे कुलूप तुमच्यावर चिडत कसं नाही?"

महेंद्रचे वडील सहादू याच कारखान्यात बॉयलरवर होते. मुलानं नगरला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि १९९१ साली तो हंगामी कामगार म्हणून टाइम ऑफिसात चिकटला. तिथून संगणक विभागात आला, कारण बंद पडलेलं यंत्र चालू झाल्याशिवाय याला जेवण जात नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं होतं. सात हंगाम झाले तरी तो हंगामीच होता. आठव्या हंगामात, म्हणजे १९९८ च्या दिवाळीनंतर, त्याला कायम करण्याचा कागद कार्यकारी संचालकांच्या टेबलावर पोहोचला असल्याचं आस्थापना विभागातून कळलं. त्या दिवशी तो कुलूप बघायला दोनदा परत आला.

त्या वर्षी कारखान्यानं काटा संगणकाला जोडायचं ठरवलं होतं. उसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन थेट ऑफिसातल्या मुख्य संगणकात जायचं आणि तिथून मान्य होऊन आलं की काट्यावर पावती छापून निघायची. भरलेल्या गाडीचा एक काटा, रिकाम्या गाडीचा दुसरा. दोन्ही काट्यांच्या मधोमध एक केबिन, केबिनीत दोन संगणक, आणि त्यांना मुख्य संगणकाशी जोडणारी एक पेटी. तिला हब म्हणतात. सगळ्यांच्या वायरी त्या पेटीत येऊन मिळतात. जुन्या दहा मेगाबिटच्या गतीऐवजी सगळं नव्या शंभरच्या गतीचं घ्यायचं ठरलं होतं. पुण्याहून माल आला.

मुख्य संगणकावर महेंद्रनं लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. ती एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळाली होती, आणि तिचं पोट उघडून आतलं सगळं वाचता येई, हे त्याला तिचं सगळ्यांत मोठं सुख वाटे. ते सुख लगेच कामाला आलं. नवं कार्ड बसवलं, पण ते शंभरवर चढेना. दहावरच घुटमळत राहिलं. महेंद्रनं कार्डाचा ड्रायव्हर उघडला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची आणि ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख करून देणारा प्रोग्राम. त्यात वरच एक यादी होती: कार्ड कोणकोणत्या प्रकारानं चालू शकतं, त्या प्रकारांची. आणि खाली कोणत्या चिपला कोणता प्रकार, त्याचा तक्ता. पुण्याहून आलेल्या कार्डावरची चिप नव्या बनावटीची होती, तिचा क्रमांक तक्त्यात नव्हताच. म्हणजे ती ओळ आपणच लिहायची होती.

यादीत शंभरच्या गतीचे, त्यांच्या कामाला येणारे, दोन प्रकार होते. तिसरा आणि पाचवा. तिसरा एकेरी: एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर संदेशांची टक्कर होते. मग दोघंही थांबतात, क्षणभर वाट बघतात आणि पुन्हा बोलतात. पाचवा दुहेरी: जायची वाट वेगळी, यायची वेगळी. तिथं टक्कर व्हायचा प्रश्नच नसतो, म्हणून कार्ड टक्कर झाली का हे बघतही नाही, आपलं बोलत सुटतं. कोणता प्रकार लिहायचा हे समोरच्या टोकाला काय आहे त्यावर ठरतं. आणि समोरच्या टोकाला हब होता.

हब भांडारात होता. पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यावर हळदकुंकवाची बोटं, भोवती लाल फीत. "संगणकीकृत वजनकाट्याचा शुभारंभ" गाळपाच्या मुहूर्तावर अध्यक्षांच्या हस्ते व्हायचा होता, आणि अध्यक्षांनी फीत कापायची ती या खोक्याची, असं ठरलं होतं. महेंद्र तीनदा भांडारात जाऊन आला. शेवटी साहेबांकडे गेला.

"साहेब, एक दिवस खोकं उघडू द्या. जोडून बघतो, पुन्हा होतं तसं बांधून ठेवतो."

कार्यकारी संचालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "भिंगारदिवे, पूजेच्या आधी नारळ फोडून आत खोबरं आहे का ते बघतात का?"

"आतलं माहितीपुस्तक तरी काढू द्या."

"मुहूर्त झाला की पुस्तक काय, पुठ्ठाही तुमचा. तोवर तुमचं ते दुसऱ्या कशानं बघून घ्या."

महेंद्रनं दुसऱ्या कशानं बघून घेतलं. मुख्य संगणक आणि काट्यावर जाणारा एक संगणक शेजारी शेजारी ठेवून त्यानं सरळ एका वायरीनं जोडले, मधे हब नाहीच. अशा जोडणीत दोनच टोकं असतात, वाटही दोघांचीच. दोन्हीकडे पाचवा प्रकार लावला आणि फाइल पाठवली. फाइल अशी गेली की त्याला ती गेली हेच पटेना. पुन्हा पाठवली, पुन्हा तशीच. तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं काट्यावर भरल्या गाड्यांची वाट वेगळी आणि रिकाम्यांची वेगळी केली होती, तेव्हा रांग निम्म्यावर आली होती. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वाटा केव्हाही चांगल्या. काट्यावरचा संगणक त्यानं पुन्हा आपला प्रकार आपोआप ठरवण्यावर सोडला, मुख्य संगणकाच्या तक्त्यात मात्र चिपचा क्रमांक लिहिला, पुढे पाच लिहिले, ड्रायव्हर नव्यानं तयार केला. आपण लिहिलेल्या ओळीवर एवढं मोठं यंत्र चालतंय, या आनंदात तो त्या दिवशी चालत घरी गेला आणि सायकल कारखान्यातच राहिली.

गुरुवार, ५ नोव्हेंबरला गाळपाची पहिली मोळी पडली. अध्यक्षांनी फीत कापली, हबला झेंडूचा हार घातला, पहिल्या गाडीची पावती झटक्यात बाहेर आली आणि टाळ्या पडल्या. काट्यावर गहिनीनाथ पालवे बसला होता. पाथर्डीकडचा माणूस, काट्यावरचा चोविसावा हंगाम. आईबाप ऊसतोडीला याच भागात यायचे. हा शिकला आणि काट्याच्या आत आला. महेंद्र त्याला अण्णा म्हणायचा.

"काय अण्णा, पटलं का?"

"पटलं म्हंजी, पावती यायला लागली तर म्या नुसतं 'पुढं घे' म्हनायला हाय. तेवढं तरी ठिवा माझ्याकडं."

पहिले दहा-बारा दिवस ऊसतोडीच्या टोळ्या पुऱ्या आल्या नव्हत्या. गाड्या तुरळक, पावत्या झटपट. मग टोळ्या उतरल्या, कारखाना पूर्ण ताकदीनं गाळायला लागला, आणि काटा अडायला लागला. गाडी चढायची, वजन पडद्यावर दिसायचं, गहिनीनाथ बटण दाबायचा, आणि पावती यायचीच नाही. दोन मिनिटं, चार मिनिटं. एकदा सात. मधेच चार पावत्या भराभर यायच्या आणि पाचवी पुन्हा अडायची. रांग गेटाबाहेर गेली, मग कॅनॉलच्या पुलापर्यंत. बैलं जुवाखाली उभ्या उभ्या माना टाकायला लागली. ऊस उन्हात वाळायला लागला. वाळला की वजन घटतं, हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

गहिनीनाथनं फोन केला की महेंद्र सायकल हाणत काट्यावर जायचा. पण भरगर्दीत त्याला केबिनीत शिरायलाही कुणी देईना, गाडीवान अंगावर यायचे. म्हणून तो दुपारी, पाळी बदलताना काटा जरा मोकळा झाला की तपासायचा. मुख्य संगणकावरून काट्याला शंभर हाका मारायच्या. शंभरच्या शंभर उत्तरं यायची. वायर त्यानं दोनदा बदलली. वाटेत बाद होणाऱ्या संदेशांचा आकडा वाढत होता, तो त्यानं काट्यावरच्या धुळीच्या नावे टाकला. आणि रोज संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर त्याचा छापील तक्ता जायचा: आलेले संदेश इतके, गेलेले इतके, टकरी शून्य. त्या शून्याकडे बघून त्याला जरा बरं वाटायचं.

"भिंगारदिवे, तुमचं यंत्र झोपलंय," गहिनीनाथ म्हणायचा.

"अण्णा, आत्ता बघितलं. शंभरातली शंभर उत्तरं आली."

"तुमी येता तवा येत्यात. तुमी गेला की न्हाई येत. लई लाजाळू हाय तुमचं यंत्र, गर्दी दिसली की तोंड लपवतं."

"तुम्ही बटण दोनदा दाबता का? एकदाच दाबायचं."

गहिनीनाथनं हात पुढे केला. "हे बोट बगा. चोवीस वर्सं वजन घेतंय. ह्याला शिकवा आता तुमी दाबायचं."

महेंद्रला राग आला नाही, लाज आली. पण ती कशाची, ते त्याला कळलं नाही. तो परत गेला, तक्ता काढला. टकरी शून्य.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संचालकाचा ट्रॅक्टर पावणेदोन तास काट्यापुढच्या रांगेत अडला. लागलीच बोलणं उठलं, की पालवे ओळखीच्या गाड्या सोडतो आणि बाकीच्यांच्या पावत्या दाबून ठेवतो. पाथर्डीच्या टोळ्या त्याच्या गावाकडच्या, तेव्हा संशयाला आयती जागा होती. साहेबांनी महेंद्रला बोलावून घेतलं.

"एकच सांगा. यंत्रात दोष आहे?"

महेंद्रच्या हातात तक्त्यांची चळत होती. "मला तरी सापडला नाही, साहेब."

"टकरी शून्य म्हणजे संदेश एकमेकांना आडवे येत नाहीत, असंच ना?"

"हो."

"रोज शून्य?"

"रोज."

"मग आडवा कोण येतो ते उघड आहे. तक्ते ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथला नोटीस निघाली: वजनपावत्या हेतुपुरस्सर रोखल्याबद्दल चौकशी, बुधवार, २ डिसेंबर, दुपारी तीन वाजता. समाधानकारक खुलासा नसल्यास काट्यावरून काढून मळीच्या टाकीवर नेमणूक. आधार म्हणून संगणक विभागाचे तक्ते जोडले होते. नोटिशीची प्रत महेंद्रकडेही आली. तक्त्यांखाली त्याची सही होती.

मंगळवारी त्याला आठवड्याची सुटी होती. सकाळपासून तो घरात तीन खोल्यांच्या फेऱ्या मारत होता. माधुरी शाळेत निघाली तेव्हा म्हणाली, "तुमचे आकडे खरे आहेत ना?"

"आकडे खरेच आहेत."

"मग अण्णा खोटे आहेत?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"कागदावर तर तसंच झालंय." तिनं पिशवी खांद्याला लावली. "गर्दी असते तेव्हा तुम्ही तिथं बसून बघितलंय का कधी? रोज दुपारची मोकळी वेळ बघूनच जाता ना?"

ती गेली. तो तसाच दारात उभा राहिला, मग सायकल काढली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. रांग पुलाच्याही पलीकडे गेली होती. पुलाजवळ एक बाई बैलांपुढे उसाचं वाढं टाकत होती. तिनं महेंद्रला पॅंट-शर्टात बघितलं आणि हाक मारली, "ओ सायेब! काट्यावरलं हाव का तुमी?"

"ऑफिसातला आहे."

"मंग सांगा की आत जाऊन, झुंबरबाईची गाडी काल चार वाजल्यापून हाय म्हनून. पोरं तिकडं कोपीवर, पाचटाच्या खोपटात, एकली हायती. ऊस तोडाय एक दीस आन् काट्याव दोन दीस, असा कुटं कारखाना असतो का?" मग स्वतःच म्हणाली, "पालवे दाबून धरतोय म्हनत्यात. आमच्याच गावचा हाय तो. आमाला का दाबून धरील? आमी त्याचं काय घोडं मारलंय?"

महेंद्रनं सायकल पुढे काढली. गाडीवानांच्या शिव्या खात तो केबिनीत घुसला आणि पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. गहिनीनाथनं वळूनही पाहिलं नाही.

"पहारा लावलाय व्हय सायबानं?"

"नाही अण्णा. माझा मीच आलोय."

"बसा. तिकीट न्हाई."

महेंद्र दोन तास बसला. गहिनीनाथचा हात ठरलेला होता: गाडीचा नंबर, वजन, बटण, आणि हात मांडीवर. तो हात पावती येईपर्यंत मांडीवरून हलत नसे. बाहेरचे शिव्या देत होते, कुणी खिडकीची काच वाजवत होतं, गहिनीनाथची नजर पडद्यावरच होती. एकदाही बटण दोनदा दाबलं नाही, एकही गाडी पुढे-मागे केली नाही. रिकाम्या काट्यावरच्या संगणकाचीही तीच रड होती. दोघं एका वेळी कामात असले की दोघंही अडत. एकटा असला की पावती निघून जाई.

एका वेळी असले की. महेंद्र स्टुलावरून उठला.

हब भिंतीवर फळीवर होता. अध्यक्षांनी घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या तोंडावर लोंबत होता. वाळून काळा पडलेला, पण अध्यक्षांच्या हातचा म्हणून झाडूवाल्यानंही काढला नव्हता. महेंद्रनं तो उचलून बाजूला केला. खाली बारीक दिव्यांची ओळ होती. हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि त्यांच्या टोकाला एक लाल दिवा जवळजवळ न विझता पेटलेला होता. दिव्याखाली इंग्रजीत छापलं होतं: टक्कर.

तो बघतच राहिला. या पेटीतून सगळ्यांची एकच वाट जात होती. एका वाटेवर तीन यंत्रं, दिवसाला हजारो संदेश, तिथं टकरी शून्य असूच शकत नव्हत्या. थोड्या तरी व्हायलाच हव्या होत्या. काट्यावरच्या दोन संगणकांनी समोर हब आहे हे ओळखलं होतं आणि ते आपोआप एकेरीवर गेले होते. मुख्य संगणक तेवढा त्याच्या पाचाच्या आज्ञेनं दुहेरी धरून बसला होता. काटा बोलत असताना तो मधे बोलत होता, कुणाचं ऐकून थांबत नव्हता, आणि टक्कर झाली का हे बघतच नसल्यामुळे इमानदारीनं शून्य लिहून देत होता. गर्दी नसेल तेव्हा हे निभून जायचं. शंभर हाका मारायला तो गर्दी नसेल तेव्हाच येत होता.

"काय झालं?" गहिनीनाथनं विचारलं. "चेहरा का उतरला?"

"अण्णा, चूक माझी आहे."

गहिनीनाथनं खुर्ची फिरवली.

महेंद्रनं सांगितलं, हात हलवत, अर्धी वाक्यं तोडत सांगितलं. गहिनीनाथनं मधे एक पावती फाडून दिली आणि पुन्हा ऐकलं.

"म्हंजी तीनाच्या जागी पाच पडलं."

"हो."

"किती येळ लागंल निस्तरायला?"

"वीस मिनिटं."

गहिनीनाथनं पुढच्या गाडीचं बटण दाबलं, हात मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आज निस्तरू नगा."

"का?"

"उद्या माझी चौकशी हाय. आज काटा पळायला लागला तर सायेब काय म्हनतील? नोटीस दिली आन् पालवे सुतासारखा सरळ झाला. तुमचं यंत्र नीट हुईल, भिंगारदिवे. माझं कदी न्हाई हुनार."

हे महेंद्रच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यानं खिडकीतून पाहिलं. झुंबरबाईची गाडी पुलावरून वीस हात पुढे सरकली असेल. आज निस्तरलं नाही तर रांग आणखी एक दिवस उन्हात. निस्तरलं तर हा माणूस मळीच्या टाकीवर.

"मी आधी साहेबांना सांगतो. मग हात लावतो," तो म्हणाला.

"आन् तुमचा कायमचा कागद?"

गहिनीनाथला तेही माहीत होतं. कारखान्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं. महेंद्र बाहेर पडला.

साहेब बैठकीत होते. महेंद्र दारासमोरच्या बाकावर बसला, उठला, नळावर जाऊन पाणी प्यायला, परत आला. शिपाई म्हणाला, "बाक नीट हाय ना? का खिळा वर आलाय?" पाऊण तासानं आत बोलावणं आलं. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना तंत्र किती कळलं कोण जाणे, पण मुद्दा कळला.

"दुरुस्त होईल?"

"वीस मिनिटांत."

"मग करून टाका. मला सांगायला कशाला आलात?"

"पालवेअण्णांची नोटीस, साहेब. ती माझ्या तक्त्यांवर निघालीय."

"ते प्रशासनाचं बघू. उद्या त्याला समज देऊन सोडून देऊ. टाकीवर पाठवायचं नाही, मग झालं?"

"समज कशाची? त्यांनी काही केलेलंच नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "भिंगारदिवे, संचालकांना मी काय सांगू? ज्याचा अध्यक्षांच्या हस्ते शुभारंभ केला, तो काटा आमच्याच माणसानं चुकीचा जोडला होता? तुमचा कागद इथं आहे," त्यांनी उजवीकडच्या फायलींवर बोट ठेवलं, "सोमवारी मंडळापुढे जातोय. गुपचूप नीट करा. पालवेला मी सांभाळतो."

महेंद्र "बरं" म्हणाला आणि बाहेर आला. जिन्यापाशी थांबला. चार पायऱ्या उतरला, पुन्हा वर चढला, पुन्हा उतरला. साहेब शब्दाचे पक्के होते. ते पालवेला सांभाळतील, यात शंका नव्हती. पण नोटीस फायलीत राहील, तक्ते तिला जोडलेले राहतील, आणि तक्त्यांखाली महेंद्रची सही. पुढच्या हंगामात कुणाची गाडी अडली की ती फाइल उघडली जाईल. आणि गहिनीनाथचा मांडीवर थांबलेला हात महेंद्रनं दोन तास पाहिला असला, तरी फायलीला तो दिसत नाही.

तो आपल्या टेबलाशी गेला आणि हातानं लिहायला बसला. पाच ओळींचा मजकूर. काट्याच्या मुख्य संगणकातल्या कार्डाचा प्रकार आपण चुकीचा लिहिला, त्यामुळे पावत्यांना विलंब झाला, आपल्या तक्त्यांतला टकरींचा शून्य आकडा त्या चुकीचाच परिणाम आहे, तो कुणाविरुद्धही पुरावा धरू नये, श्री. पालवे यांचा यात काही दोष नाही. खाली सही, तारीख, वेळ बारा वाजून चाळीस मिनिटं. साहेबांकडे तो परत गेला नाही. आवक-जावक विभागात गेला, दोन प्रती पुढे केल्या आणि म्हणाला, "शिक्का मारा. एक माझी पोच."

आवकच्या बाई वाचून थबकल्या. "हे दाखवलंय का वर?"

"वर जायलाच शिक्का हवा ना?"

शिक्का पडला, क्रमांक पडला. आता तो कागद कुणाच्या खिशात राहू शकत नव्हता.

मग त्यानं मुख्य संगणक उघडला, ड्रायव्हरच्या तक्त्यातला पाच खोडला, तीन लिहिले, ड्रायव्हर नव्यानं तयार करून चढवला. काटा अठरा मिनिटं बंद होता. त्या अठरा मिनिटांत रांगेनं कारखान्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो काट्यावर पोहोचला तेव्हा भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही काट्यांवर गाड्या चढत होत्या. लाल दिवा अजूनही लागत होता, पण मधूनमधून, डोळा मिचकावल्यासारखा; वाटेवर माणसं असली की तेवढं व्हायचंच. पावत्या निघत होत्या, एकामागून एक, न थांबता.

महेंद्रनं शिक्क्याची पोच गहिनीनाथपुढे धरली. गहिनीनाथनं चष्मा लावून पाच ओळी वाचल्या. घडी करून कागद परत दिला नाही, आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"कायम हुनार का आता?"

"या सोमवारी तर नाही."

"पुढल्या साली?"

"माहीत नाही, अण्णा."

गहिनीनाथ उठला.  सकाळपासून तो जागचा हलला नव्हता, त्याचे गुडघे वाजले. त्यानं खुर्चीकडे हात केला. "बसा हितं."

"मी?"

"अर्धा तास. मला दोन घास खायाचेत. आन् पंधरा दीस खिडकीतनं मला जे लोकांनी घातलं, त्यातलं थोडं तुमी बी खावा. नंबर, वजन, बटन. एकदाच दाबायचं."

महेंद्र बसला. गहिनीनाथ भाकरीची फडकी घेऊन केबिनीच्या पायरीवर जाऊन टेकला. खिडकीत एक गाडीवान वाकला आणि नवा माणूस बघून ओरडला, "ह्यो कोन आनला आता? ह्याला येतं का तरी?"

पायरीवरून गहिनीनाथ तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "बग की येतं का. तुजी बैलं पुढं घे."

महेंद्रनं गाडीचा नंबर विचारला.